दर दोन तासांनी कूस

मागच्या अंकात मी स्वतःबद्दल दीड पान लिहिलं होतं. 2004 साली दिंडोरी रस्त्यावर मोटारसायकलवरून पडले, पाठीचा बारावा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली आणि तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. नाशकात आम्ही काही जण अशाच माणसांसाठी एक लहानशी संस्था चालवतो, हेही त्यात होतं. त्यावर मासिकाकडे एकोणीस पत्रं आली. बऱ्याच जणांना मी वेगळं उत्तर लिहिलं आहे. अनेक घरांत पडलेले प्रश्न तेवढे इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत.

मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. इथे लिहिते ते स्वतः भोगलेलं, आमच्याकडे येणाऱ्यांकडून शिकलेलं आणि डॉक्टरांना विचारून खात्री केलेलं आहे. औषध आणि ऑपरेशन यांबद्दल तुमच्या डॉक्टरांचाच शब्द अखेरचा धरा.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर 34 वर्षांचे आहेत. दिवाळीनंतर विहिरीतली मोटर काढताना पाय घसरून आत पडले. पाठीचं ऑपरेशन झालं, स्क्रू टाकले. कमरेखाली काही कळत नाही. घरी आणून सहा आठवडे झाले. माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली आहे आणि आता त्यातून पाणी येतं. सासूबाई हळद-तेल लावतात. दीर म्हणतात, एक मालिशवाला आहे, तो उभं करतो. मामांनी स्टेमसेलचं बघितलंय, सहा लाख सांगतात. एक एकर बाग विकायचं घरात चाललंय. तुमच्या संस्थेकडून काय मिळेल?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : बाग विकू नका. बाकी सगळं नंतर, आधी ती जखम. हा अंक हातात पडेल त्याच दिवशी ती सर्जनला दाखवा. बेडसोर वरून रुपयाएवढा दिसतो आणि आत वाटीएवढा पोकळ असू शकतो. ताप आला, वास येऊ लागला किंवा कडा काळ्या पडल्या, तर सकाळची वाटही पाहू नका.

ही जखम का होते ते घरात सगळ्यांना समजावून सांगा, सासूबाईंना तर आधी, कारण त्या मायेनेच करताहेत. आपण झोपेत सारखे हलतो. एका जागी दाब पडला की कातडी कळवते आणि आपण जाग न येताच कूस बदलतो. तुमच्या मिस्टरांची कातडी अजूनही कळवते आहे, पण तो निरोप मोडलेल्या मणक्याच्या वर पोचत नाही. हाड आणि गादी यांच्यात कातडी चिमटली जाते, तिथलं रक्त थांबतं आणि आतलं मांस मरतं. मलमाने हे थांबत नाही. दाब काढला तरच थांबतं.

म्हणून दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. मोबाइलवर गजर लावा आणि घरातल्यांनी रात्री वाटून घ्या. ही पाळी तुमच्या एकटीवर येऊ देऊ नका. जखम भरेपर्यंत तिच्यावर भार नको, म्हणजे पाठीवर झोपवायचं नाही. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, आणि सर्जन हो म्हणाले तर पोटावर. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा गादीला टेकणार नाहीत. अंगाखालच्या चादरीला सुरकुती नको. ओढत सरकवू नका, दोघांनी मिळून उचला.

हळद-तेल बंद. लाल झालेली जागा चोळायची नाही, आतलं मांस आणखी फाटतं. मधे भोक असलेली हवेची रिंग काही दुकानदार देतात, तीही नको, तिच्या कडेने रक्त आणखी अडतं. रोज सकाळ-संध्याकाळ माकडहाड, दोन्ही खुबे, घोटे आणि टाचा तपासा. लाल ठिकाणी बोट दाबून सोडा. दाबल्यावर तिथे पांढरं पडत नसेल, लाली तशीच राहत असेल, तर जखमेची सुरुवात झाली असं समजा आणि त्या जागेवरचा भार त्याच क्षणी काढा. जेवणात डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध वाढवा, प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. पायाजवळ गरम पाण्याची पिशवी, शेकोटी किंवा चहाचं पातेलं आणू नका. भाजलेलं त्यांना कळणार नाही.

हे मी इतकं खोलात का लिहिते ते सांगते. मी घरी आले तेव्हा मला यातलं कुणीही काही सांगितलं नव्हतं. ऑपरेशन उत्तम झालं होतं, घरी पाठवताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली आणि नमस्कार झाला. तिसऱ्या आठवड्यात मला जखम झाली. ती भरायला सात महिने लागले आणि त्यातले अकरा आठवडे मी पालथी पडून काढले. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. माझा चेहरा दिसावा म्हणून तो पलंगाखाली जाऊन बसायचा. दुसऱ्यांदा भरती झाले तेव्हा शेजारच्या वॉर्डातले एक काका स्वतः व्हीलचेअर ढकलत आले. त्यांना तेव्हा खुर्चीवर बारा वर्षं झाली होती. त्यांनी मला आरसा धरून स्वतःची पाठ कशी बघायची ते दाखवलं. बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे आणि बाजूला वाकून, निदान दोन मिनिटं, बुडावरचा भार कसा काढायचा तेही शिकवलं. त्यांनी अर्ध्या तासात जे दिलं, त्यावर मी आजपर्यंत जिवंत आहे. आमची संस्था दुसरं काही करत नाही. त्या काकांचा अर्धा तास घरोघर नेते.

दोन तासांच्या कुशीची ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मज्जारज्जूला इजा झालेली बहुतेक माणसं थोड्याच काळात जायची, जखमांनी नाहीतर मूत्रपिंडं बिघडून. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी अशा जखमी सैनिकांसाठी विभाग उघडला. ते मूळचे जर्मनीतले ज्यू, हिटलरच्या काळात देश सोडून आलेले. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. रात्री ते स्वतः फेरी मारून बघत. माणसं जगायला लागली. मग त्यांनी त्यांच्या हातात धनुष्यबाण दिले. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या आवारात 16 जणांची तिरंदाजी झाली. पॅरालिंपिकचं मूळ ते. हे मिस्टरांना वाचून दाखवा.

लघवीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे नळी आणि पिशवी असणार. पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकवा, पलंगावर किंवा मांडीवर ठेवू नका, लघवी उलटी चढते. कायमची नळी काढून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढायची पद्धत त्यांना चालेल का, हे युरोलॉजिस्टना विचारा. डॉक्टर तिला सीआयसी म्हणतात. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी 1972 मध्ये ती मांडली आणि तिने आमच्यासारख्यांची मूत्रपिंडं वाचवली. मिस्टरांचे हात चांगले आहेत, ते आठवड्याभरात स्वतः शिकतील. आपली लघवी आपल्या हातात आली की माणूस पुन्हा बोलायला लागतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

मालिशवाल्याला दाराच्या आत घेऊ नका. आत स्क्रू आहेत, हाड अजून जुळतं आहे. सांधे आखडू नयेत म्हणून पायांची हालचाल रोज करायची आहे, पण ती फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून तुम्ही करा. स्टेमसेलचं, म्हणजे मूळपेशींच्या उपचाराचं म्हणाल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताचे काही आजार सोडले, तर हा अजून मान्य उपचार नाही, फक्त नोंदणी झालेल्या चाचणीत तो देता येतो. चाचणीत रुग्णाकडून लाखांनी पैसे घेत नाहीत. सहा लाख मागणारा माणूस तुमच्या आशेचे पैसे मागतो आहे. मीही एकेकाळी मंगळसूत्र मोडून असा एक उपचार केला होता. त्यातून काही आलं नाही, घरात कर्ज मात्र आलं.

आता आमच्याकडून काय मिळेल. एअर बेड आहे, सहा महिन्यांसाठी, भाडं नाही. तो आला तरी कूस बदलावीच लागते, हे आत्ताच सांगते. पहिल्या महिन्याचे कॅथेटर देऊ. आणि आमचा एक सहकारी तुमच्या घरी येईल. तो पिंपळगावकडचा द्राक्षबागायतदार आहे, नऊ वर्षांपूर्वी झाडावरून पडला. आज खरड छाटणी, गोडी छाटणी, डिपिंग, फवारणीचं वेळापत्रक, मजुरांचा हिशेब सगळं तो बागेच्या बांधावर खुर्ची लावून बघतो. तो मिस्टरांशी बोलेल तेव्हा घरातल्या सगळ्यांनी बाहेर बसायचं, एवढी एकच अट.

एक सांगू का? तुमच्या पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, दीर काय म्हणतात ते आहे, मामांचंही आहे. मिस्टर काय म्हणतात ते नाही. बागेचं, उपचाराचं, सगळं आधी त्यांना विचारा. त्यांची कंबर गेली आहे, अक्कल कुठे गेली नाही.

आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज राहिला असेल, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच चौकशी करा. अपघातात दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख रुपयांची तरतूद त्यात आहे. विहिरीत पडणं हा अपघातच आहे.

प्रश्न : आमचं पंचवटीत गणेश मंडळ आहे. यंदा वर्गणीतून 25 व्हीलचेअर वाटायचं ठरवलं आहे, पाहुण्यांच्या हस्ते, स्टेजवर. तुमच्या संस्थेने 25 गरजू लाभार्थी द्यावेत ही विनंती.
— मंडळाचे एक कार्यकर्ते, पंचवटी

उत्तर : दादा, तुमची भावना खरी आहे, म्हणून सरळ लिहिते. एकाच मापाच्या 25 खुर्च्या घेऊ नका.

मला पहिली खुर्ची अशीच एका कार्यक्रमात मिळाली. गळ्यात हार होता, फोटो निघाला. दवाखान्यात पेशंटला एक्स-रेपर्यंत न्यायला वापरतात तसली ती घडीची खुर्ची. मी तेव्हा 43 किलोची, आणि बैठक माझ्यापेक्षा चार बोटं रुंद. बसायला आधार मिळेना म्हणून मी एका कुशीला कलंडून बसायचे. पाय फूटरेस्टला पोचायचे नाहीत, खाली कापडी पिशवी बांधली होती. दोन वर्षं त्या खुर्चीत काढली. पाठीला त्या बाजूला जो बाक आला तो आजही आहे, आणि उजवा खांदा थंडीत अजून दुखतो. खुर्ची ही आमची चप्पल आहे. 25 जणांना तुम्ही आठ नंबरचीच चप्पल वाटाल का?

माप घ्यायला दहा मिनिटं लागतात. बसल्यावर नितंबाची रुंदी, दोन्ही बाजूंना एकेक बोट सुटेल इतकी बैठक. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा. पोटरीच्या लांबीवर फूटरेस्ट. चाक हाताला सहज लागेल अशी उंची. आणि गादी! गादीशिवाय खुर्ची देणं म्हणजे जखम देणं. बाजारातला साधा स्पंज दोन महिन्यांत बसतो आणि खाली रेक्झिनच उरतं.

साधी खुर्ची तर सरकारकडूनही मिळते. केंद्राच्या ॲडिप योजनेत कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची साधनं शिबिरांतून मोफत देतात. महापालिका आणि ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवायचा असतो, त्यातूनही मागता येते. तुमच्या मंडळात नगरसेवक असतीलच, त्यांना या निधीबद्दल विचारा, तुमचा प्रश्न आमच्यापेक्षा लवकर ऐकला जाईल. जे सहसा कुणी देत नाही ते तुम्ही द्या. मापाच्या सहा खुर्च्या, सहा चांगल्या गाद्या. वर्षभराची दुरुस्ती: पंक्चर, बेअरिंग, ब्रेक. पंचवटीतला कुठलाही सायकलवाला हे करू शकतो, त्याला वर्षाचे पैसे मंडळाने आधी देऊन ठेवावेत. दोन घरांना उतार. उताराचा हिशेब एकास बारा: उंबरा सहा इंच असेल तर उतार सहा फूट लांब हवा. त्याहून उभा केला तर खुर्ची मागे उलटते. एका घरी मंडळाच्या मुलांनी प्रेमाने केलेला उतार इतका उभा होता की आम्हाला तो फोडावा लागला, फार वाईट वाटलं.

आणि तुमचा मांडव. गेल्या वर्षी आरतीला मी आले होते. दर्शनाच्या रांगेत तीन पायऱ्या होत्या. चार मुलांनी न विचारता मला खुर्चीसकट उचललं. पोरं भली होती, पण मी पडले असते, आणि त्या तीन पायऱ्या चढताना मी देवाकडे नाही, जमिनीकडे बघत होते. यंदा पायऱ्यांच्या शेजारी फळ्यांचा उतार करा. कुणाला मदत हवी वाटली तर आधी विचारा, मगच खुर्चीला हात लावा. पुढे सिंहस्थ येतो आहे. गोदाघाटावर किती काम चाललं आहे ते तुम्ही रोज बघता. रामकुंडापर्यंत खुर्ची स्वतःच्या हातांनी नेता येईल असा एक तरी रस्ता त्यात हवा, हे तुमच्या मंडळाने लेखी मागितलं तर त्याचं वजन पडेल. 2004 नंतर मी गोदावरीचं पाणी पायावर घेतलेलं नाही. पायाला ते कळणार नाही, ते माहीत आहे. मला तरी घ्यायचं आहे.

स्टेज करायचंच असेल तर करा, पण फोटोला येणाऱ्याची परवानगी घ्या आणि नाही म्हणणाऱ्यालाही खुर्ची द्या. बॅनरवर 'बिचाऱ्यांना आधार' असा मजकूर तुम्ही पाठवला आहे, तो बदला. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी पॅरालिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं. त्यांना कुणी बिचारे म्हणेल का? अर्थात आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने पदक आणायला हवं असंही नाही. बहुतेकांना स्वतःच्या घरातल्या संडासापर्यंत जायचं असतं, आणि दार अडीच फुटांचंही नसतं. सैनिकांसाठी खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. विहिरीत पडलेल्या शेतकऱ्याला आणि स्लॅबवरून पडलेल्या गवंड्याला असं घर कुठे आहे? ती जागा आपल्यासारख्यांनी भरायची आहे. म्हणून म्हणते, 25 चा आकडा सोडा. आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, तुमची दोन मुलं माप घ्यायला शिकवते.

प्रश्न : मी जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. अपघातानंतर दोन्ही पाय गेले. साहेब म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या, नाहीतर अनफिट म्हणून काढावं लागेल. घरी दोन मुली आहेत. सही करू का?
— एक कर्मचारी

उत्तर : सही करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016, कलम 20, पोटकलम 4. हा आकडा पाठ करा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही आणि पदावनतही करायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर आणि त्याच सेवाशर्तींवर दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी केलेल्या जादा पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. लिपिकाचं काम टेबलावरचं आहे, तुम्हाला पदही बदलायला लागू नये. तळमजल्यावर टेबल आणि जवळ संडास, एवढंच हवं.

जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, घ्या. या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी कुणाशी काही ठरवू नका. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. माझ्या वेळी हा 2016 चा कायदा नव्हता, पण 1995 च्या कायद्यातही असंच संरक्षण होतं. मला ते कुणी सांगितलं नाही आणि मी राजीनाम्यावर सही केली. वर्गातली पोरं आजही स्वप्नात येतात. म्हणून पुन्हा लिहिते, सही करू नका.

अंबड-सातपूरच्या खासगी कारखान्यांतल्या दोघांनी हेच विचारलं आहे. हे कलम त्यांना लागू नाही. पण कामगार विमा असेल आणि अपघात कामावर झाला असेल, तर कायमच्या अपंगत्वाचा लाभ दरमहा मिळतो. त्याचा दावा आधी टाका.

प्रश्न : मी 24 वर्षांची. चौदा महिन्यांपूर्वी स्कूटीवरून पडले. छातीच्या खाली संवेदना नाही. आई म्हणते आता लग्नाचा विषय नको. कॉलेजमधला एक मित्र मात्र अजून येतो. मला मूल होऊ शकतं का? हे कुणाला विचारू तेच कळत नाही. बाहेर जायची पण भीती वाटते, मध्येच कपडे खराब झाले तर?
— सिन्नर

उत्तर : लेकी, हो. होऊ शकतं. तू विचारलंस हे फार बरं केलंस. मी 33 वर्षांची होते, तरी डॉक्टरांसमोर हा प्रश्न माझ्या तोंडून फुटला नव्हता.

अपघातानंतर पुष्कळ जणींची पाळी काही महिने थांबते आणि मग पूर्ववत सुरू होते. अंडाशय आणि गर्भाशय आपलं काम संप्रेरकांवर करतात, पायांच्या नसांवर नाही. तुझी पाळी सुरू झाली असेल तर दिवस राहू शकतात. याचा अर्थ नको असतानाही राहू शकतात, तेही ध्यानात ठेव. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो आणि आपल्याला तो आधीच जास्त असतो, म्हणून मनाने काही घेऊ नकोस. गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन आणि बेडसोर यांची काळजी जास्त घ्यावी लागते. वजन वाढतं तशी खुर्ची आणि गादी बदलावी लागते. पायांना येणाऱ्या झटक्यांसाठी गोळी चालू असेल तर ती आधीच डॉक्टरांना दाखवायची. कळा तुला नेहमीसारख्या जाणवणार नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यांत तपासण्या जवळजवळ असतात.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून पर्समध्ये ठेव, मूल हवं असो वा नसो. तुझी इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल, तर कधी अचानक डोकं ठणकतं, तोंडावर घाम फुटतो, चेहरा लाल होतो आणि रक्तदाब धोकादायक चढतो. लघवी तुंबणं, पोट साफ नसणं, कपडे घट्ट असणं, एवढंसंही कारण पुरतं. तेव्हा आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं, कपडे सैल करायचे, नळी दुमडली आहे का बघायचं, लघवी काढायची. उतरलं नाही तर तसंच दवाखाना. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. सगळ्याच दवाखान्यांत हे चटकन लक्षात येत नाही, म्हणून चिठ्ठी तुझ्याजवळ हवी. बाळंतपणात तर भूलतज्ज्ञांना हे आधीच माहीत असायला हवं.

कपड्यांची भीती मला ठाऊक आहे. तिने माझी तीन वर्षं खाल्ली. पोटाला वेळेची सवय लावता येते. रोज एकाच वेळी, चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, कारण तेव्हा आतडं आपोआप हलतं. कमोड चेअरवर बसून, डॉक्टरांनी किंवा नर्सनी शिकवलेल्या पद्धतीने. पहिले दीड-दोन महिने चुकतं. मग शरीर ऐकतं. पिशवीत एक जोडी कपडे, पॅड, ओले टिश्यू ठेव. बाहेर पडताना पाणी बंद करू नकोस, त्यानेच इन्फेक्शन होतं. कॅथेटरची वेळ पाळ.

त्या मित्राबद्दल मी काही सांगणार नाही. त्याला हे पान वाचायला दे आणि तो काय विचारतो ते बघ. आईवर रागावू नकोस. तुझ्या शरीराची माहिती तिलाही कुणी दिलेली नाही. गाडी चालवणारे माझे यजमान होते. त्यांनी कित्येक वर्षं स्वतःला माफ केलं नाही, आणि मी त्यांच्याशी बोलायचं सोडून भिंतीकडे बघत राहिले. आम्ही बोलायला लागलो ते एका रात्री, दोन वाजता, कूस बदलताना.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या बैठकीनंतर फक्त बायका थांबतात. दार लावून घेतो. तू ये. सिन्नरहून एक जण तिची चारचाकी हाताच्या कंट्रोलवर स्वतः चालवत येते, ती तुला घेऊन येईल. मासिकाकडे निरोप ठेव.

प्रश्न : वडिलांचे पाय दोन महिन्यांत हळूहळू लुळे पडले. पडणं-झडणं काही नाही. पाठ दुखते, रात्री ताप येतो. म्हणतात मणक्याचा टीबी आहे. तुमच्यासारखंच होणार का?
— इगतपुरी तालुका

उत्तर : बहुधा नाही, पण एक दिवसही दवडू नका. मणक्याच्या टीबीत पू किंवा ढासळलेलं हाड मज्जारज्जूवर दाब आणतं. वेळेत औषध सुरू झालं आणि गरज पडली तर ऑपरेशन झालं, की बरीच माणसं पुन्हा चालतात. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. छातीच्या टीबीपेक्षा कोर्स लांब असतो, बरं वाटलं म्हणून मध्ये सोडू देऊ नका. आणि पायांना कळत नाही तोवर वर निफाडच्या ताईंना लिहिलेलं कुशीचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त झालो. पैसे फार देऊ शकत नाही, पण वेळ आहे आणि तब्येत चांगली आहे. माझा काही उपयोग?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, आम्हाला सगळ्यात कमी पडतो तो वेळच. आमच्याकडे कपाटभर कॅथेटर आहेत, आठ एअर बेड आहेत. ते घेऊन चांदवडला, पेठला, त्र्यंबकच्या पाड्यावर जाणारी माणसं तीन आहेत आणि त्यांतले दोघे खुर्चीवर. घरी गेल्यावर काम काय असतं सांगते. दाराची रुंदी मोजायची. उंबऱ्याची उंची मोजायची. पलंग किती उंच आहे, खुर्चीवरून त्यावर सरकता येईल का ते बघायचं. घरातला पुरुष कागद लपवत असेल तर त्याच्याशेजारी बसून यूडीआयडीचा फॉर्म भरायचा. आणि इजा झालेला माणूस काही बोलत नसेल, तर तोही वेळ न बोलता त्याच्याजवळ बसायचं. हे शेवटचं तरुणांना जमत नाही.

येत्या बुधवारी आम्ही निफाडच्या त्या घरी एअर बेड घेऊन जाणार आहोत. सकाळी आठला द्वारका चौकातून निघू. गाडीत एक जागा तुमच्यासाठी ठेवते. येताना मोजायची टेप आणा, आमची तुटली आहे.